निवडणाऱ्याच्या घरचं माणूस

फार पूर्वी अश्मक देशात, शिलापद्र नावाच्या नगरात अरुणदत्त राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचा अमात्य होऊन जन्माला आला होता. त्या जन्मी त्याचं नाव क्षेमंकर. नगरातले पाट, पूल, तटबंदी अशी सगळी बांधकामं त्याच्या देखरेखीखाली होत. त्याच्या बायकोचं नाव गोमती. दोघांना एकच मुलगा होता, मित्रक, नवसासायासाने झालेला. मिसरूड फुटून बरेच दिवस झाले होते, पण आईला तो अजून लहानच वाटे. आयांचं असंच असतं, त्याला इलाज नाही.

शिलापद्र उंच कड्यावर वसलेलं होतं. शत्रूला चढायला अवघड जावं म्हणून पूर्वजांनी ती जागा निवडली. पाण्यालाही ती तितकीच अवघड जाईल, हे काही त्यांच्या ध्यानात आलं नाही. नदी पार खाली होती. बायका घागरी घेऊन कडा उतरत आणि ऊन तापेपर्यंत धापा टाकत वर येत. पाय घसरून दर वर्षी कोणी ना कोणी जाई. आदल्या वैशाखात एक गरोदर बाई घागरीसकट कोसळली. तिची सासू राजवाड्याच्या दारात येऊन बसली आणि म्हणाली, "महाराज, पाणी वर आणा, नाहीतर आम्हाला खाली राहायला न्या. सुना पुरायची ताकद नाही आता."

राजा वाईट नव्हता. नगराच्या पाठीशी डोंगर होता आणि डोंगरापलीकडे एक बारमाही तळं होतं. डोंगराच्या पोटातून भुयार खणायचं आणि तळ्याचं पाणी नगरात आणायचं, असं त्याने ठरवलं.

आता हे काम द्यायचं कोणाला?

त्या नगराची रीत अशी होती. बांधकामं अंगावर घेणाऱ्या स्थपतींना, आजच्या बोलीत कंत्राटदार म्हणा, राजसभेत बोलावत. मध्ये तबकात एक विडा ठेवत. काम पुरं करायला राजाच्या कोठारातून किती धान्य लागेल, ते प्रत्येक जण मोठ्याने सांगे. मग दुसरा त्याहून कमी सांगे, तिसरा त्याहूनही कमी. बोल असा उतरत उतरत जाई. ज्याच्या खाली कोणीच उतरत नसे तो पुढे होऊन विडा उचले, आणि काम त्याचं होई. सगळं चारचौघांत, उघड. वशिला नाही, चोरीछुपी नाही. नगराला या रीतीचा मोठा अभिमान होता.

अहो, पण बाजारात साधं वांगं घेताना आपण ते दाबून बघतो, किडकं तर नाही ना म्हणून. इथे डोंगराच्या पोटात जिवंत माणसं घालायची, आणि बघायचं काय, तर धान्य कोण कमी मागतो! आणि कमी मागितलेलं धान्य वाचणार कुठून? एक तर खणणाऱ्याच्या ताटातून, नाहीतर वरचं छत तोलून धरणाऱ्या लाकडांतून. हे कोणी विचारत नसे. रीत पडली होती, ती चालली होती.

त्या दिवशी बोल उतरत गेला आणि शेवटी दोघेच उरले. एक भद्रक. गोरागोमटा, बोलण्यात लोणी. दुसरा तिष्य. हा तिरसट म्हाताऱ्यासारखा वागे, वय तितकं नव्हतं तरी. भद्रक उतरत होता, तिष्य मात्र एका जागी थांबला तो थांबलाच.

"याच्या खाली मला येता येत नाही," तो म्हणाला. "आलो तर लाकडं कमी पडतील."

भद्रक हसला आणि हात जोडून राजाला म्हणाला, "महाराज, मी स्वतःची बढाई मारत नाही. पण माझ्या कामावर आजवर एकही माणूस मेलेला नाही. तिष्याला विचारा की त्याच्या कामावर किती गेले."

"गेले," तिष्य म्हणाला. "विहिरीच्या कामावर सोमदेव गेला, नाग गेला. पुलाच्या कामावर केशव आणि त्याचा धाकटा भाऊ."

सभेत कुजबूज झाली. माणूस अपशकुनी आहे, असंच सगळ्यांच्या मनात आलं. भद्रकाचा हात विड्याकडे गेला. तेवढ्यात क्षेमंकर उठला आणि म्हणाला, "महाराज, विडा थोडे दिवस तबकातच राहू द्या. दोघांनी आधी केलेली कामं मला बघून येऊ द्या." राजाने मान डोलावली.

भद्रकाने सीमेवरचा गड बांधला होता. क्षेमंकर तिकडे गेला. तट सुबक होता, नाव ठेवायला जागा नव्हती. त्या कामावरची माणसं रानातल्या गावांतून आणलेली होती असं कळलं, म्हणून तो त्या गावांत गेला. पहिल्याच गावात त्याला बायकाच बायका दिसल्या. शेतात बायका, गुरांमागे बायका. रेवा नावाची एक बाई दारात ज्वारी पाखडत होती. त्याने तिला विचारलं, "बाई, गावातली पुरुषमाणसं कुठं गेली?"

"भद्रकाच्या कामावर."

"ते काम तर कधीच संपलं."

"संपलं की. मग आम्ही विचारायला गेलो. ते म्हणाले, पळून गेले." रेवाने सूप खाली ठेवलं. "एक पळाला म्हणा, दोन पळाले म्हणा. आख्खं गाव पळतं का हो, महाराज? आणि पळालेला माणूस कधीतरी पोरांचं तोंड बघायला येतोच की नाही? कपाळाचं कुंकू पुसावं, तर तो मेला असं कोणी सांगत नाही. ठेवावं, तर कोणासाठी? आम्ही ना धड सवाष्णी, ना धड विधवा."

क्षेमंकर तिथेच मातीत बसला. भद्रकाच्या कामावर माणूस मरत नाही, या बोलण्याचा अर्थ त्याला तेव्हा कळला. त्याच्या कामावर माणसं फक्त पळून जात होती.

नगरात परतल्यावर तो विहिरीच्या कामावर गेलेल्या सोमदेवाच्या बायकोकडे गेला. तिने तिष्याला शिव्याच घातल्या आधी. मग म्हणाली, "माझा धनी गेला, त्या दिवशी तो मेला तिष्य स्वतः आला होता दारात. दुसऱ्या कोणाला पाठवलं नाही त्याने. काय झालं, कसं झालं, चूक कोणाची, सगळं सांगितलं. मी पायातली वहाण काढून मारली त्याला. मारू दिली. अंत्ययात्रेला खांदा दिला. अजून येतो सणावाराला. आला की मी तोंड फिरवते, पण येतो."

"तुमचा मुलगा मोठा झाला की कोणाकडे कामाला पाठवाल?"

ती म्हणाली, "पाठवायची वेळच न येवो. आली, तर त्याच्याकडेच पाठवीन. निदान पोराचं काय झालं ते तरी कळेल मला."

क्षेमंकराने राजसभेत हे सगळं सांगितलं. पण पळून गेलेली माणसं साक्ष द्यायला कुठून येणार? भद्रक डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "रानातली माणसं, महाराज. त्यांचा काय भरवसा?" सभेतले मंत्री एकामागून एक उठले आणि त्याच्या बाजूने बोलले. कमी धान्यात काम होतंय, कामावर कोणी मरत नाही, आणखी काय हवं? राजा गोंधळून गेला.

तेव्हा क्षेमंकर म्हणाला, "महाराज, यापुढे असा नियम करा. जो ज्याला निवडेल, त्याने आपल्या घरचं एक माणूस त्याच्या हाताखाली कामाला पाठवावं. आत, डोंगरात. आम्ही निवडायचं आणि मरायचं दुसऱ्यांनी, हे आता पुरे. भद्रक ज्यांना पसंत आहे त्यांनी आपल्या घरचं माणूस भद्रकाकडे पाठवावं."

आणि मग काय मजा झाली म्हणता! एका मंत्र्याच्या मुलाची छाती अधू निघाली. एकाचा पुतण्या सासुरवाडीला गेलेला होता, तो केव्हा येईल याचा नेम नव्हता. एकाच्या घरी तर म्हणे आत्याबाईंखेरीज कोणी उरलंच नव्हतं, आणि कालच त्याच्या नातवाचं बारसं झालेलं. भद्रकाची वाहवा करणारी सगळी तोंडं पटापट मिटली. राजा आधी हसला. मग त्याचं हसू मावळलं.

"नियम मला मान्य आहे," राजा म्हणाला. "क्षेमंकरा, तू कोणाला निवडतोस?"

"तिष्याला."

"आणि घरचं माणूस?"

"मी स्वतः जाईन."

"तू गेलास तर अमात्याचं काम कोण बघणार? ते चालायचं नाही. तुला मुलगा आहे ना?"

क्षेमंकराने हा विचार केला नव्हता असं नाही. केला होता, पण तो त्याने मनाच्या कोपऱ्यात ढकलून ठेवला होता. आता सगळी सभा त्याच्याकडे बघत होती, आणि मंत्री तर जरा जास्तच आवडीने बघत होते. एकुलता एक आहे, असं म्हणायला त्याची जीभ वळवळली. मग त्याला रेवाचं कपाळ आठवलं.

"आहे," तो म्हणाला.

त्याने घरी येऊन गोमतीला हे सांगितलं, तेव्हा ती चुलीपुढे होती. तिने ऐकून घेतलं आणि भाकरी तव्यावरच करपू दिली.

"नियम तुम्ही करायचे, आणि त्यात पोर माझं घालायचं?"

"सगळे गप्प बसले, गोमती. मी बसलो असतो तर काम भद्रकाला गेलं असतं."

"मग तुम्हीही बसायचं होतं! ज्यांची पोरं घरी आहेत ती माणसं काय वेडी आहेत? तुम्हालाच तेवढी जगाची काळजी?"

मित्रक आतून आला. त्याने आईच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "आई, अगं तिष्याकडे जायचंय, वाघाच्या गुहेत नाही. आणि डोंगर काय रोज कोसळतो?" त्याच्यावर तिला रागावताच येत नसे. सगळा राग ती नवऱ्यासाठी ठेवून देई.

काम सुरू झालं. मित्रक सकाळी जाई आणि दिवेलागणीला नखशिखांत धूळ माखून येई. "आई, ओळखलंस का मला? की भिक्षा घालून वाटेला लावतेस?" असं दारातून ओरडे. गोमती हसायची नाही म्हणायची, आणि हसायची. तिष्य त्याला अमात्याचा मुलगा म्हणून कधी सवलत देत नसे. उलट जरा जास्तच बोले. टेकू न लावलेल्या छताखाली मित्रक एकदा शिदोरी सोडून बसला, तर तिष्याने त्याला कान धरून बाहेर काढलं होतं. "असा झापला मला सगळ्यांदेखत," मित्रक घरी येऊन सांगे, "की तुम्ही दोघांनी मिळून जन्मात झापलं नसेल." हे ऐकून गोमतीच्या जिवाला थोडं बरं वाटे. हळूहळू ती रात्री नीट झोपू लागली. मला वाटतं, त्या घरातले ते शेवटचे चांगले दिवस.

डोंगराच्या मध्याजवळ एके ठिकाणी खडक संपला आणि मागे ओला मुरूम लागला. खडकासारखा दिसणारा, पण आतून भुसभुशीत. टेकू होते, लाकूड चांगलं सागाचं होतं, कमी नव्हतं. तरी छत खाली आलं. पुढच्या फळीतली चार माणसं खाली सापडली आणि त्यांत मित्रक होता. तिष्य त्यांच्यामागे आत घुसला आणि हातांनी दगड उपसू लागला. त्याची बोटं फुटली, एक पाय दगडाखाली चिरडला. चौघांना त्याने बाहेर काढलं. जिवंत कोणीच नव्हतं.

मग लंगडत, चिखलाने भरलेला, तो अमात्याच्या दारात आला. दार गोमतीने उघडलं. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि हाताने त्याला थांबवलं. बोलू नकोस, अशी खूण केली. थोड्या वेळाने हात खाली केला.

तिष्याने सगळं सांगितलं. कुठे, कसं, केव्हा. "तिथे मुरूम असेल हे मला कळलं नाही, आई. मला कळायला हवं होतं."

गोमती ओरडली नाही. रडली नाही. तिने विचारलं, "त्याने जेवण केलं होतं का?"

"केलं होतं. माझ्यातली अर्धी भाकरीसुद्धा खाल्ली."

"बरं," ती म्हणाली, आणि भिंतीला धरून खाली बसली.

नगर हळहळलं. राजा संतापला. तिष्याला बांधून सभेत आणलं. भद्रकही आला होता, आणि तबकात नवा विडा तयार होता. मंत्री म्हणत होते, "आम्ही सांगत होतो, माणूस अपशकुनी आहे." माणसाला आपलं खरं झाल्याचं समाधान कशातही मिळतं बघा, दुसऱ्याच्या मढ्यावरसुद्धा.

राजा म्हणाला, "क्षेमंकरा, तुझा मुलगा गेला. शिक्षा तूच सांग. याला कड्यावरून लोटून द्यायचं असेल तर आत्ता लोटतो."

क्षेमंकर उठला. रात्रभर जागून त्याचे डोळे सुजले होते. तो तिष्यासमोर उभा राहिला. आपला हात या माणसाच्या गळ्याकडे जाईल की काय, असं क्षणभर त्यालाच वाटलं. बोधिसत्त्व झाला तरी तो बाप होता. मग त्याने विचारलं, "पुढे डोंगराच्या पोटात काय आहे, हे तुला माहीत आहे?"

"नाही," तिष्य म्हणाला. "मुरूम किती लांब आहे ते माहीत नाही. आधी बारीक भोक पाडून बघत बघत जावं लागेल. वेळ लागेल. लाकूड दुप्पट लागेल. आणि तरी सगळे सुखरूप परत येतील असं मी सांगू शकत नाही. तसं सांगणारा तुम्हाला दुसरा मिळेल."

"मी सांगतो!" भद्रक पुढे झाला. "महाराज, पुढचा डोंगर पक्का आहे. मी बघताक्षणी सांगू शकतो. ठरल्याहून कमी धान्यात पुरं करून देतो, आणि माणूस एकही मरणार नाही."

"बघताक्षणी!" क्षेमंकर म्हणाला. "महाराज, डोंगराच्या पोटातलं दोघांनाही दिसत नाही. फरक इतकाच, की आपल्याला दिसत नाही हे एकाला माहीत आहे. मुलगा गेला म्हणून मी या दुसऱ्याला निवडलं, तर माझ्या मुलाच्या मढ्यावर मी आणखी किती जणांची मुलं रचीन ते मला मोजतासुद्धा येणार नाही, कारण हा ती पळून गेली म्हणून सांगेल. शिक्षा नको. दोर सोडा. काम तिष्याचंच."

राजा हळूच म्हणाला, "ठीक आहे. पण तो नियम आता तुला लागू नाही. तुझ्या घरून जे जायचं ते गेलं."

"नियम माझाच आहे, महाराज, म्हणून मला त्यातून सुटका नाही. मी पुन्हा निवडतो आहे. घरचं माणूस पुन्हा द्यायला हवं." त्याने बोटातली राजमुद्रा काढली आणि विड्याच्या तबकात ठेवली. "अमात्याला जाता येत नाही, असं आपण म्हणालात. आता मी अमात्य नाही."

राजाने परोपरीने समजावलं. एक जहागीर देऊ केली, मुद्रा परत पुढे सरकवली. क्षेमंकराने ती घेतली नाही.

घरी आल्यावर त्याने गोमतीला सांगितलं. ती मित्रकाच्या अंथरुणाजवळ बसली होती. ते तिने गुंडाळून ठेवलं नव्हतं.

"पुन्हा त्यालाच?"

"त्यालाच. दुसऱ्याला दिलं असतं तर दुसऱ्यांची लेकरं..."

"दुसऱ्यांची लेकरं!" ती किंचाळली. मुलगा गेल्यापासून पहिल्यांदाच तिचा आवाज चढला होता. "सदा दुसऱ्यांची लेकरं! अहो, एकदा, एकदा तरी माझ्या लेकराचे बाप झाला असतात! नुसते बाप! अमात्य नव्हे, धर्मात्मे नव्हे!"

तिचं बोलणं खोटं नव्हतं. त्याचं वागणंही चुकीचं नव्हतं. दोन्ही खरी असतात आणि मध्ये एक मूल मेलेलं असतं, तेव्हा शहाण्या माणसाचं शहाणपणही मुकं होतं.

क्षेमंकर डोंगरात गेला. मुरमाच्या जागेपाशी, जिथे मुलगा गेला, तिथेच त्याने टोपल्या वाहिल्या. तिष्य बारीक भोक पाडून, थांबत, माती हाताळत, पुढे सरकत राहिला. लोक चेष्टा करीत, की या वेगाने पाणी नातवंडांच्या नातवंडांना मिळेल. एकाही माणसाला इजा न होता पलीकडचा खडक लागला. आणि एका सकाळी तळ्याचं पाणी डोंगरातून वाहत नगरात आलं.

काय सांगू त्या दिवसाचं! म्हाताऱ्या बायका पाटात बसून लहान मुलींसारख्या पाणी उडवत होत्या. ज्या सासूची सून कड्यावरून पडली होती, तिने ओंजळभर पाणी घेतलं आणि ते नुसतं बघत बसली. त्या नगरात पुढे कित्येक पिढ्या हाच नियम राहिला, की निवडणाऱ्याच्या घरचं माणूस कामावर. भद्रकासारखे स्थपती त्या नगराची वाट सोडून दुसरीकडे गेले.

क्षेमंकराने त्या पाण्याची एक घागर भरून घरी आणली. गोमती उंबऱ्यात बसली होती.

"गोड आहे का?" तिने विचारलं.

"गोड आहे."

"असेल," ती म्हणाली. "मी नाही पिणार."

तिने आपली घागर उचलली आणि कडा उतरायला लागली, नदीकडे. आता त्या वाटेवर कोणीच नव्हतं. वाट गवताने भरायला वेळ लागणार नव्हता. क्षेमंकर तिच्यामागून निघाला. ती म्हणाली नाही की या, आणि म्हणाली नाही की येऊ नका. खाली तिने घागर भरली. त्याने ती तिच्या हातातून घेतली आणि खांद्यावर ठेवली. ती पुढे चालली, तो मागे.

दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. त्यानंतर रोजच. लोक हसत. ज्याने सगळ्या नगराला दारात पाणी आणून दिलं, तो रोज कडा उतरून नदीचं पाणी भरतो! काही जण त्याला म्हणत, "बाईंना समजवा हो, इतकी वर्षं झाली." तो घागर उचलून चालू लागे. तिने मागितली असती तर त्याने समजूत घातली असती. तिला समजूत नको होती, नदीचं पाणी हवं होतं, म्हणून तो पाणी आणत होता.

दोघं म्हातारी झाली. कडा उतरायला गोमतीला जमेना, तेव्हा तो एकटा जाऊ लागला. ती अंथरुणाला खिळली, आणि शेवटी तिच्या ओठांना त्याने जे पाणी लावलं तेही नदीचंच होतं. ते तिने घेतलं, पण त्याच्याकडे पाहिलं नाही.

ही कथा तथागतांनी एका विहारात सांगितली. त्या विहाराचं स्नानगृह बांधायचं होतं, आणि भिक्षूंमध्ये वाद लागला होता. कोणी म्हणे, सगळ्यात कमी मागणाऱ्याला काम द्या. कोणी म्हणे, आपल्या ओळखीच्या उपासकाला द्या. तथागतांनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि मग ही गोष्ट सांगितली. गोष्ट संपल्यावर ते म्हणाले, "त्या वेळचा तिष्य म्हणजे आज या विहाराच्या बांधकामावर देखरेख करणारा, तुम्ही सगळे ज्याला तिरसट म्हणता तो भिक्षू गिरिक. राजा अरुणदत्त म्हणजे इथे रोज दान घेऊन येणारा उपासक पिंगल. मित्रक म्हणजे तो मागे बसलेला तरुण भिक्षू सोमिल. भद्रकही या सभेत आहे. त्याचं नाव मी घेत नाही, ते त्याला कळलं आहे. गोमती म्हणजे भिक्षुणी कुमुदिनी. आणि अमात्य क्षेमंकर मीच होतो."

भिक्षुणी कुमुदिनी उठून उभी राहिली. तिचे डोळे भरून आले होते. तिने विचारलं, "भगवन्, त्या जन्मी शेवटी तिने त्याला क्षमा केली का?"

"नाही," तथागत म्हणाले. "आणि त्यानेही कधी मागितली नाही. तिचा राग तिच्या मुलाइतकाच खरा होता. तो तिच्याजवळून काढून घ्यायचा त्याला अधिकार नव्हता. म्हणून तो फक्त तिच्यासोबत चालला."

मग त्यांनी त्या जन्मी साधलेल्या पारमितेचं, म्हणजे बोधिसत्त्वाने पूर्णत्वाला न्यायच्या गुणाचं, नाव सांगितलं. ती क्षांती होती, मनात कडवटपणा न आणता सोसण्याची.